मेरी क्युरी वाचताना आधी आकडे बघ

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

प्रकल्पाचा आराखडा मिळाला. मेहनत दिसते आहे, पण तोल गेलाय. गळकं छप्पर, थंडी, रात्री चमकणाऱ्या बाटल्या यांवरच अर्ध्याहून जास्त पानं खर्ची पडली आहेत आणि किरणोत्सर्ग मोजला कसा यावर अडीच ओळी. चमकणाऱ्या बाटल्या सगळ्यांना पाठ असतात. परीक्षक तुला विचारतील ते वेगळंच : नवं मूलद्रव्य आहे हे मेरी क्युरी यांना ते हातात येण्याच्या चार वर्षं आधी कसं कळलं? याचं उत्तर १८९८ च्या एका तक्त्यात आहे. तो तक्ता नीट समजून घेतलास तर बाकीचं आपोआप जागेवर बसेल.

आधी एक दुरुस्ती. 'मेरी क्युरी यांनी किरणोत्सर्गाचा शोध लावला' हे तुझं पहिलंच वाक्य खोड. युरेनियमच्या क्षारातून आपोआप किरण निघतात हे हेन्री बेक्रेल यांना मार्च १८९६ मध्ये पॅरिसमध्ये दिसलं. ढगाळ हवेमुळे खणात ठेवून दिलेली फोटोची काच त्यांनी तशीच धुतली आणि उन्हाशिवायही ती काळवंडलेली निघाली. पण फोटोची काच 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगते. 'किती' हे सांगताना ती फार ढोबळ पडते. डिसेंबर १८९७ मध्ये मेरी क्युरी यांनी प्रबंधासाठी हा विषय घेतला आणि पहिल्याच दिवसापासून मोजायला सुरुवात केली. हे किरण हवेला विद्युतवाहक बनवतात. म्हणजे हवेतून किती प्रवाह जातो ते मोजलं की किरण किती ते कळलं.

आता उपकरण. याची आकृती तू स्वतः काढ, तयार चित्र चिकटवू नकोस. धातूच्या दोन गोल चकत्या, व्यास ८ सेंटिमीटर, मध्ये ३ सेंटिमीटर अंतर. खालच्या चकतीवर नमुन्याची बारीक पूड एकसारखी पसरायची. बॅटऱ्यांची माळ लावून चकत्यांमध्ये १०० व्होल्टचा फरक ठेवायचा. इतका विद्युतदाब (व्होल्टेज) का? तो कमी असेल तर हवेत तयार झालेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, चकतीवर पोहोचण्याआधीच एकमेकांना भेटून विझतात, आणि मग प्रवाह किरणांवर कमी आणि बॅटरीवर जास्त अवलंबून राहतो. दाब पुरेसा असला की जवळपास सगळे आयन गोळा होतात, मग व्होल्ट थोडे इकडेतिकडे झाले तरी फारसं बिघडत नाही.

हा प्रवाह असतो पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे एका अँपिअरचे लाख कोटी भाग केले तर त्यातले पाचपन्नास. त्या काळचा प्रवाह मोजणारा कुठलाही गॅल्व्हानोमीटर इथे ढिम्म हलला नसता. इथे पिएर क्युरी आणि त्यांचे भाऊ जॅक यांनी १८८० मध्ये शोधलेला दाबविद्युत परिणाम कामाला आला. क्वार्ट्झची पातळ पट्टी ताणली की तिच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो, आणि तो टांगलेल्या वजनाच्या अगदी प्रमाणात असतो. वरची चकती क्वाड्रंट इलेक्ट्रोमीटरला (विद्युतदाब दाखवणारं नाजूक उपकरण) आणि त्याच तारेने क्वार्ट्झला जोडलेली. इलेक्ट्रोमीटरच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर पडतो. जमिनीशी असलेली जोडणी तोडली की वरच्या चकतीवर भार साठू लागतो आणि ठिपका सरकतो. त्याच क्षणी क्वार्ट्झवर हळूहळू वजन चढवत न्यायचं, म्हणजे उलटा भार तयार होऊन ठिपका शून्यावर टिकतो. ठरलेलं वजन पूर्ण चढेपर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळावर बघायचं. भार भागिले वेळ, झाला प्रवाह.

ठिपका शून्यावरच का ठेवायचा, हे तुझ्या आराखड्यात कुठेच नाही आणि खरी मेख तिथे आहे. ही मोजणी चालायची ती खोली दमट होती. ६ फेब्रुवारी १८९८ रोजी खोलीचं तापमान सव्वासहा अंश होतं अशी नोंद वहीत आहे. दमट हवेत इन्सुलेटरवरून भार गळतो. पण गळायला विद्युतदाबाचा फरक लागतो. वरची चकती सतत शून्यावर राहिली तर तिच्यावरचा भार बाहेर गळणार कुठे आणि कशासाठी? शिवाय इलेक्ट्रोमीटर किती संवेदनशील आहे हा प्रश्नही उरत नाही. तो फक्त 'शून्य आहे की नाही' एवढंच सांगतो, मोजणी वजन आणि घड्याळ करतात. एका हाताने वजन सावकाश सोडायचं, डोळा ठिपक्यावर, दुसऱ्या हातात घड्याळ. हे जमायला सराव लागतो आणि तो त्यांनी केला होता.

आता तो तक्ता. मेरी क्युरी किंवा पिएर, दोघंही फ्रेंच विज्ञान अकादमीचे सभासद नव्हते, म्हणून १२ एप्रिल १८९८ रोजी हे टिपण गाब्रिएल लिपमान यांनी अकादमीपुढे मांडलं. आकडे पिकोअँपिअरमध्ये आहेत. युरेनियम धातू (थोडा कार्बन असलेला) : २४. युरेनियमचा काळा ऑक्साइड : २७. युरेनियम-पोटॅशियमचं दुहेरी सल्फेट : ७. काळा ऑक्साइड थोडा वर गेला आहे, पण ढोबळमानाने युरेनियम जितकं जास्त तितका प्रवाह जास्त; संयुग कुठलं, ओलं की सुकं, उजेडात की अंधारात, याने फरक नाही. म्हणजे हा गुण अणूचा आहे, रेणूच्या मांडणीचा नाही. हे अनुमान त्या वेळी किती धाडसी होतं हे लक्षात घे. अणूच्या आत काही असतं ही कल्पना तेव्हा नुकतीच पुढे येत होती. थोरियमही किरण देतं हे त्यांना फेब्रुवारीतच दिसलं होतं. जर्मनीत गेरहार्ट श्मिट यांनाही ते स्वतंत्रपणे सापडलं.

मग खनिजं येतात. योहानगेओर्गेनश्टाटचं पिचब्लेंड (युरेनियमचं काळं खनिज) : ८३. योआखिमस्थालचं : ६७. कॉर्नवॉलचं मात्र १६. चाल्कोलाइट, म्हणजे तांबं आणि युरेनियमचं फॉस्फेट : ५२. शुद्ध युरेनियम २४ देतं आणि ज्यात युरेनियम निम्म्याच्या आसपास आहे ते खनिज ५२ देतं. इथे शंभरातले नव्वद लोक एकतर 'उपकरण बिघडलंय' म्हणतील किंवा लगेच 'नवं मूलद्रव्य!' म्हणून ओरडतील.

त्यांनी तिसरंच केलं. चाल्कोलाइट प्रयोगशाळेत बनवलं. रसायनशास्त्रज्ञ द्‌ब्रे यांची कृती माहीत होती : युरेनिल नायट्रेटचं द्रावण घ्यायचं, तांब्याचं फॉस्फेट फॉस्फोरिक आम्लात विरघळवून त्यात मिसळायचं, ५०-६० अंशांवर ठेवायचं, काही वेळाने स्फटिक पडतात. रासायनिक घटक तेच, स्फटिक तोच, फक्त खाणीतला नाही. मोजलं तर ९. युरेनियमच्या प्रमाणात असायला हवा तसाच. म्हणजे ५२ आणि ९ यांमधला फरक चाल्कोलाइटच्या घडणीमुळे नाही, खाणीतल्या तुकड्यात आणखी काहीतरी आहे म्हणून. तुझ्या सादरीकरणात एकच पान ठेवायची परवानगी मिळाली तर मी या दोन आकड्यांचं पान ठेवीन. रेडियमचा शोध तिथेच लागला, नंतरची चार वर्षं तो सिद्ध करण्यात गेली असं माझं मत आहे.

तक्त्यातली एक नोंद बहुतेक लोक वगळतात. थोरियम ऑक्साइडचा थर पाव मिलिमीटरचा : २२. सहा मिलिमीटरचा : ५३. युरेनियमच्या बाबतीत थर जाड केल्याने फारसा फरक पडत नव्हता, कारण खालच्या थरातले किरण वरच्या थरातच शोषले जातात. थोरियममध्ये का पडला? कारण त्यातून किरणोत्सर्गी वायू निघतो आणि तो पुडीतून वर झिरपतो. हे पुढे रदरफर्ड यांनी उलगडलं. १८९८ मध्ये उत्तर नव्हतं, तरी आकडा छापला. जुळत नाही म्हणून दडवला नाही. तुझ्या वहीतही असे आकडे येतील, तेव्हा खोडरबर दूर ठेव.

पोलोनियमबद्दल तू लिहिलं आहेस की 'ते शुद्ध स्वरूपात मिळवता आलं नाही', पण का ते लिहिलं नाहीस. गणित कर. खनिजात युरेनियम आणि त्याच्या वंशातली मूलद्रव्यं समतोलात असतात, म्हणजे प्रत्येकाची राशी त्याच्या अर्धायुष्याच्या (निम्मं उरायला लागणाऱ्या काळाच्या) प्रमाणात. युरेनियमचं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, रेडियमचं १६०० वर्षं, पोलोनियमचं १३८ दिवस. हिशेब केलास तर एक टन युरेनियममागे रेडियम साधारण एक तृतीयांश ग्रॅम येतं आणि पोलोनियम ग्रॅमचा दहा हजारावा भागसुद्धा नाही. वर ते साडेचार महिन्यांत निम्मं होतं. खनिजातले धातू रासायनिक रीतीने वेगळे केल्यावर ते सापडलं बिस्मथच्या भागात. त्या भागाचं सल्फाइड निर्वात नळीत ७०० अंशांपर्यंत तापवलं की किरणोत्सर्गी भाग नळीच्या २५० ते ३०० अंशांच्या टप्प्यात काळ्या थरासारखा बसतो आणि बिस्मथ जास्त गरम भागात मागे राहतं. अशा रीतीने जुलै १८९८ पर्यंत युरेनियमच्या ४०० पट तीव्र नमुना मिळाला आणि त्याच टिपणात 'किरणोत्सर्गी' हे विशेषण पहिल्यांदा छापलं गेलं. डिसेंबरमध्ये बेरियमच्या भागात रेडियम सापडलं. त्या कामात गुस्ताव्ह बेमों बरोबर होते, आणि युजेन दमार्से यांनी वर्णपटात कुठल्याच माहीत मूलद्रव्याची नसलेली रेषा दाखवली. नमुना जितका तीव्र तितकी ती रेषा ठळक. दोन स्वतंत्र पुरावे, एकाच दिशेने.

आता ती प्रसिद्ध शेड. तिथे काय चाललं होतं ते कृतीच्या भाषेत लिही. माल होता योआखिमस्थालच्या (आजचं चेक प्रजासत्ताकातलं याखिमोव्ह) खाणीतला, युरेनियम काढून घेतल्यावर जंगलात टाकून दिलेला चोथा. व्हिएन्नाच्या एडुआर्ड स्यूस यांनी शब्द टाकला म्हणून सुरुवातीचा माल मिळाला. त्यात शिसं आणि कॅल्शियमची सल्फेटं, सिलिका, ॲल्युमिना, लोखंड, आणि तांब्यापासून बिस्मथपर्यंत बहुतेक सगळे धातू कमीजास्त. रेडियम होतं सल्फेटच्या रूपात, आणि सल्फेट आम्लात विरघळत नाही. म्हणून आधी कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात उकळून बरंच काही काढून टाकायचं, धुवायचं, आम्लाने आणखी काढायचं. मग उरलेला साका सोडियम कार्बोनेटच्या तीव्र द्रावणात उकळायचा. बेरियम आणि रेडियमची सल्फेटं कार्बोनेटं होतात. आता धुणं अगदी काटेकोर हवं. सल्फेटचा अंश राहिला तर पुढच्या पायरीवर हायड्रोक्लोरिक आम्ल घालताच बेरियम-रेडियम पुन्हा सल्फेट होऊन खाली बसतं आणि केलेलं पाण्यात जातं. एका वेळी वीस किलोपर्यंत माल, उकळता, लोखंडी दांड्याने ढवळायचा. एका टनातून शेवटी साधारण आठ किलो बेरियम क्लोराइड हाती लागायचं, युरेनियमच्या साठेक पट तीव्र. पुढे हा ढोबळ भाग आंद्रे दबिएर्न यांच्या देखरेखीखाली कारखान्यात होऊ लागला. आठ किलोंनंतरचं नाजूक काम मात्र मेरी क्युरी यांनी स्वतःकडे ठेवलं.

ते म्हणजे अंशतः स्फटिकीकरण. रेडियम क्लोराइड बेरियम क्लोराइडपेक्षा पाण्यात किंचित कमी विरघळतं, एवढ्या एका फरकावर सगळी मदार. उकळत्या ऊर्ध्वपातित पाण्यात संपृक्त द्रावण करायचं, झाकून गार होऊ द्यायचं. तळाशी स्फटिक बसतात, वरचं पाणी ओतून घ्यायचं. स्फटिक वरच्या पाण्यात उरलेल्या क्षारापेक्षा सुमारे पाचपट तीव्र निघतात. मग दोन्ही भागांना तीच प्रक्रिया. पण प्रत्येक भागाचे दोन-दोन करत गेलं तर टेबलावर भांड्यांना जागा उरणार नाही, म्हणून एका भांड्याचे स्फटिक शेजारच्या भांड्यातून आलेल्या पाण्यात मिसळायचे. भांड्यांची अशी ओळ लागते : एका टोकाने स्फटिक दर फेरीत तीव्र होत पुढे सरकतात, दुसऱ्या टोकाने जवळजवळ निकामी झालेलं पाणी बाहेर टाकलं जातं. माल कमी होत गेला की अडचण वाढते. मूठभर द्रावण झपाट्याने गार होतं, स्फटिक इवलेसे पडतात आणि त्यांच्या फटींत वरचं पाणी अडकून राहतं. शेवटच्या टप्प्यात पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल वाढवत नेलं, की क्षार कमी विरघळतो आणि हाताळण्याजोगं आकारमान राहतं. त्यात गळक्या छपरातून धूळ आणि कोळशाची काजळी. म्हणून शेडचं वर्णन हवंच असेल तर इथे दे, या अडचणीला जोडून. नुसतं हालअपेष्टांच्या यादीत नको.

१९०२ मध्ये हाती आलं सुमारे एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. अणुभार काढायची रीत जुनीच : निर्जल क्लोराइड वजन करून विरघळवायचं, सिल्व्हर नायट्रेटने सगळं क्लोरीन सिल्व्हर क्लोराइड म्हणून खाली पाडायचं, ते वजन करायचं. पण चूक किती महाग पडते ते बघ. ०.०९ ग्रॅम रेडियम क्लोराइडपासून सिल्व्हर क्लोराइड मिळतं जेमतेम ०.०८७ ग्रॅम. या वजनात एका मिलिग्रॅमची गफलत झाली की अणुभार साडेतीनने सरकतो. नमुन्यात एक टक्का बेरियम राहिलं तर अणुभार सव्वाने खाली येतो. शुद्धीकरण पुढे जाईल तसा आकडा बेरियमच्या १३७ वरून १४०, १४६, १७४ असा चढत गेला आणि २२५ वर थांबला. आज आपण २२६ म्हणतो. थांबला हे महत्त्वाचं. अजून चढत असता तर बेरियम शिल्लक आहे असाच अर्थ झाला असता.

नोबेलचंही नीट लिही. १९०३ चं भौतिकशास्त्राचं, अर्धं बेक्रेल यांना आणि अर्धं दोघा क्युरींना, किरणोत्सर्गावरच्या संशोधनासाठी. १९११ चं रसायनशास्त्राचं, एकट्या मेरी क्युरी यांना, रेडियम आणि पोलोनियमसाठी. तू दोन्हींची कारणं उलटसुलट केली आहेस.

आता तुझा प्रयोग. कॉलेजच्या कपाटातली युरेनिल ॲसिटेटची जुनी बाटली हा मार्ग बंद समज. ते विषारीही आहे, मूत्रपिंडं खराब करतं, आणि असा माल आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतो. जुनी रेडियमची घड्याळं उघडायची नाहीत, समुद्रकाठची काळी वाळू गोळा करायला जायचं नाही. मेरी क्युरी यांच्या वह्या आजही किरणोत्सर्गी आहेत आणि १९३४ मध्ये त्या ॲप्लास्टिक ॲनिमियाने गेल्या. त्यांच्या धैर्याची नक्कल करायची गोष्ट ही नव्हे.

खतांच्या दुकानातून म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) आण, अर्धा किलो पुरे. निसर्गातल्या पोटॅशियमचा एक सूक्ष्म अंश किरणोत्सर्गी असतो. एक ग्रॅम खतात सेकंदाला पंधराएक अणू फुटतात. क्युरींच्या उपकरणाला हे कधी पकडता आलं नसतं, १९०६ च्या सुमारास कॅम्पबेल यांनी ते दाखवलं. तुझ्याकडच्या काचेच्या नळीच्या गायगर काउंटरला ते दिसेल, पण अगदी थोडं. अणू फुटताना निघणारे बहुतेक बीटा कण खताच्या ढिगातच अडकतात. म्हणून पाचसहा मिलिमीटरपेक्षा जाड थर घालून काही मिळत नाही. थोरियमच्या त्या दोन आकड्यांची आठवण ठेवून हे स्वतः तपास : २, ४, ६, १० मिलिमीटर.

तुझं कृत्रिम चाल्कोलाइट, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणजे साधं मीठ. तीच थाळी, तोच थर, तीच बारीक पूड, नळीपासून तेच अंतर. खत, मीठ, खत, मीठ असं आलटूनपालटून मोज, सलग सगळं खत आणि मग सगळं मीठ असं नको. दिवसभरात बॅकग्राउंड, म्हणजे आजूबाजूचा मूळचाच किरणोत्सर्ग, बदलतो. पावसाच्या सरीनंतर तर तो चांगलाच चढतो, कारण हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची पोरंटोरं, म्हणजे त्याच्यापासून बनलेले अणू, पावसाबरोबर खाली येतात. पाऊस पडला की वेळ टिपून ठेव आणि दोनतीन तास थांब.

किती वेळ मोजायचं? समज मिठावर मिनिटाला २० टिकटिक आणि खतावर २६. दहा मिनिटांत २०० आणि २६०. मोजणीतली अनिश्चितता आकड्याच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १४ आणि १६. फरक ६०, त्याची अनिश्चितता २१. यावर छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. तेच ४० मिनिटं मोजलंस तर फरक २४०, अनिश्चितता ४३. आता बोलता येईल. फरक पक्का दिसला की मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे घाल. दोन मिलिमीटर होईपर्यंत फरक जवळजवळ मावळायला हवा. मावळला नाही तर आधी थाळी टेकून नळीला पूड लागली आहे का बघ. खताची पूड नळीवर सांडली असेल तर पत्रा कितीही जाड लाव, आकडा उतरणार नाही.

पहिल्या आठवड्याची वही तशीच पाठव. आलेख नकोत, सरासरी नको. तारीख, वेळ, हवा, थराची जाडी आणि कच्चे आकडे. खाडाखोड असेल तर उत्तम.

तुझी,
मॅडम